हिरडीचं माप

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात एका दंतवैद्य बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कार्यक्रमाआधी तुमच्याकडून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. बहुतेक चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आहे, फक्त अक्षर वेगळं. "मशीनने दात साफ केले की ते हलायला लागतात, हे खरं का?" एका काकांनी तर प्रश्नचिन्हही दिलेलं नाही, थेट निकालच लिहून पाठवलाय. तेव्हा तिथूनच सुरुवात करते. खुर्चीत बसल्यावर काय काय होतं ते ओघात येईलच.

दातांवर सकाळी जो बुळबुळीत थर लागतो तो अन्नाचा नसतो, जिवाणूंचा असतो. हॉलंडमधल्या लेव्हेनहूकने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा असा थर खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिला. त्यात वळवळणारे जीव दिसले, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. गंमत म्हणजे हा माणूस रोज मिठाने दात घासायचा आणि त्याबद्दल त्याला अभिमानही होता. तरी थर होताच. आपल्याही तोंडात तो रोज तयार होतो. ब्रश करून आपण तो रोज मोडतो, एवढंच.

जिथे ब्रश पोचत नाही तिथे लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या थरात बसायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो. हेच कीटण. बोअरच्या पाण्याच्या बादलीवर चढतो तसला थर. एकदा चढला की ब्रशने निघत नाही. जोर लावलात तर कीटण तिथेच राहतं आणि हिरडी मात्र मागे सरकते. आत्ता बसल्या बसल्या जीभ खालच्या पटाशीच्या दातांच्या मागून फिरवून बघा. खडबडीत लागतंय ना बऱ्याच जणांना? लाळग्रंथींची तोंडं तिथे जिभेखाली उघडतात, म्हणून कीटण तिथे आधी धरतं. दुसरी आवडती जागा वरच्या दाढांची, गालाच्या बाजूची. तिथेही एक ग्रंथी उघडते.

आता हलण्याबद्दल. दात उभा असतो हाडाच्या आधारावर. कीटण आणि जिवाणू हिरडीखाली उतरले की तिथे सूज राहते आणि त्या सुजेपायी हाड हळूहळू झिजतं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि बहुधा दुखत नाही. दुखलं असतं तर तुम्ही लवकर आला असता. शेवटी शेवटी कीटणाचा जाड पट्टा शेजारशेजारच्या दातांना एकत्र धरून ठेवतो. तो काढला की दात मुळात किती सैल झालाय ते पहिल्यांदा जिभेला कळतं. फटींचंही तेच. फट आधीपासून होती. कीटण आणि सुजलेली हिरडी तिथे ठाण मांडून बसली होती. सूज उतरली, फट दिसली. म्हणजे क्लीनिंगनंतर दात सैल वाटला ही तक्रार खरी असते, आरोपी चुकीचा असतो. पण हे सगळं काम सुरू करण्याआधी सांगायला हवं, आणि आमच्यातले बरेच जण घाईत ते सांगत नाहीत. नंतर सांगितलं की सबब वाटते.

दात घासले जातात, वरचं कवच निघतं, हीसुद्धा भीती आहे. दाताचं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. मशीनचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा किंवा त्याहून जास्त थरथरतं, पण ते हलतं केसाच्या जाडीइतकं किंवा त्याहूनही कमी. ते दातावर टोचून धरायचं नसतं, कडेने अलगद फिरवायचं असतं. त्या थरथरीने कीटणाचे तुकडे सुटतात. पाण्याचा फवारा उडतो तो टोक गार राहावं आणि घाण वाहून जावी म्हणून. पाणी घशाशी साचतं, त्याने लोक जास्त घाबरतात. नाकाने श्वास घ्या, सक्शनची नळी पाणी ओढत असते, आणि थांबायचं असेल तर डावा हात वर करा. बोलायचा प्रयत्न करू नका, आम्हाला काहीही कळत नाही.

मशीनच्या आधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, औषधांची चौकशी. पिशवीत गोळ्यांची यादी घेऊन या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मनानेच बंद करू नका. साध्या क्लीनिंगसाठी ती सहसा बंद करावी लागत नाही, आणि अचानक बंद केली तर हृदयाला किंवा मेंदूला त्याची किंमत मोजावी लागू शकते. त्यातली वॉरफेरिन ही गोळी असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट आणा. हृदयाची झडप बदलली असेल तर आधी प्रतिजैविकाचा डोस घ्यावा लागतो. पेसमेकर असेल तर सांगा, काही जुन्या पद्धतीची यंत्रं त्याच्याजवळ वापरू नयेत. मधुमेह असेल तर तेही सांगा, कारण तिथे व्यवहार दुतर्फी आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात यायला त्रास देते.

दुसरी गोष्ट म्हणजे माप, आणि आज मला खरं तर याच्याबद्दलच बोलायचंय. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळई असते. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद घालून खोली बघतात, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. एक ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक. चार आणि वर गेली, शिवाय रक्तही आलं, तर तिथे लक्ष घालावं लागतं. पाच-सहा असेल तर वरवरच्या क्लीनिंगने भागत नाही. भूल देऊन हिरडीखालचं मूळ साफ करावं लागतं, एकेक बाजू करत, दोन-तीन भेटींत. आपल्याकडे लोक "किती पांढरे होतील?" हे विचारतात. पांढरे होत नाहीत. शेवटी रबराच्या कपाने पेस्ट लावून पॉलिश करतात, त्याने चहाचे आणि तंबाखूचे डाग जातात, दाताचा मूळ रंग तोच राहतो. अमृततुल्यमध्ये दिवसाला चार कप होत असतील तर डाग परत येतील, त्याला आमचा इलाज नाही. तुमच्या हिरडीची खोली किती, हे मात्र विचारा. आकडे लिहून मागा. पुढच्या वेळी तेच आकडे काढून बघता येतात.

कारण दर सहा महिन्यांनी क्लीनिंग केलंच पाहिजे, हा नियम जेवढ्या ठामपणे सांगितला जातो तेवढा ठाम पुरावा त्याच्यामागे नाही. वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. ज्यांच्या हिरड्या फारशा बिघडलेल्या नाहीत आणि जे नियमित तपासणीला जातात, त्यांच्यात ठरावीक काळाने क्लीनिंग करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या तब्येतीचा फारसा फरक दिसला नाही. माझ्या धंद्याला हे सोयीचं नाही, पण आहे ते असं आहे. उलट ज्यांच्या हिरड्यांत खोल फटी आहेत, मधुमेह आहे, तंबाखू आहे, त्यांना तीन-चार महिन्यांनीच यावं लागतं. सगळ्यांना एकच तारीख देणारा डॉक्टर तुमचं तोंड बघत नाहीये, कॅलेंडर बघतोय.

रक्ताबद्दल थोडं. ब्रश करताना रक्त आलं की लोक तिथे घासायचं सोडतात. नेमकं उलटं करायला हवं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हुसला हाराल्ड ल्यो या दंतसंशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. त्यांचं हाड झिजलेलं नव्हतं, म्हणून हे जमलं. एकदा झिजलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही. क्लीनिंगच्या वेळी रक्त येतं तेही सुजलेल्या हिरडीतून.

मिश्रीचं मात्र वेगळं आहे. इथल्या काही आज्यांना हे आवडणार नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात स्वच्छ करायचं औषध नव्हे. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्त कमीच येतं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे आपलं सगळं छान चाललंय असं वाटत राहतं आणि आत हाड जात असतं. शिवाय मिश्री लावणाऱ्यांच्या गालाच्या आणि हिरडीच्या आतल्या कातडीवर पांढरे, लाल चट्टे आहेत का हे आम्ही क्लीनिंगच्या निमित्ताने बघतो. पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर क्लीनिंगची वाट न बघता दाखवा.

नंतर काय? दोन-चार दिवस गार पाण्याने दात शिवशिवतात, आंबल्यासारखे होतात. मूळ उघडं पडलेलं असतं, त्यावरचं कीटणाचं पांघरूण गेलेलं असतं. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरा, फरक पडायला काही दिवस लागतात. हिरडी हुळहुळत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. भूल दिली असेल तर ती उतरेपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला जातो आणि कळतही नाही. रक्त थांबत नसेल किंवा सूज वाढत असेल तर फोन करा. संध्याकाळपर्यंत वाट बघू नका.

खर्चाची चिठ्ठी शेवटी ठेवली होती. खासगी दवाखान्यात दर गल्लीगणिक बदलतात, त्यावर मी बोलत नाही. परवडत नसेल तर पुण्यात डेंटल कॉलेजं आहेत: धनकवडीला भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, वडगाव बुद्रुकला सिंहगड, पिंपरीला डी. वाय. पाटील. विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात. वेळ जास्त जातो, सकाळी लवकर जा, डबा बरोबर ठेवा. पण तिथे प्रत्येक दाताचं माप नक्की घेतात, कारण विद्यार्थ्याला ते कागदावर लिहून सरांची सही घ्यावीच लागते.