पोराचा पहिला लर्चर

तर मंडळी, आज मी बोलणार ते मुख्यतः अशा आईबापांसाठी, ज्यांचं पोर इथं इंग्लंडातल्या खेड्यात वाढतंय, शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलांबरोबर फेरेटची, म्हंजे बिळात शिरून ससा बाहेर हुसकणाऱ्या मुंगसासारख्या पाळीव प्राण्याची, पेटी खांद्याला लावून बांधाबांधानं फिरायला लागलंय, आणि एक दिवस घरी येऊन म्हणतंय बाबा मला लर्चर पाहिजे. आमच्याकडे हे झालं तेव्हा पोरगा चौदाचा होता. मी हौसेनं कुत्रा आणला, आणि साफ चुकीचा आणला.

लर्चर ही काही एक जात नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी असा नजरेवर पळणारा कुत्रा एका बाजूला आणि कॉली नाहीतर टेरियर असा कामाचा कुत्रा दुसऱ्या बाजूला, त्यांची पिल्लं म्हंजे लर्चर. पाय एकाचे, डोकं दुसऱ्याचं. दोन्हीकडून पळणारेच असले तर त्याला लाँगडॉग म्हणतात. मी आणला तो खरं तर लाँगडॉगच, सलुकी आणि ग्रेहाउंडचा.

का आणला ते सांगतो. माझं आजोळ सांगोल्याकडचं, आजोबांकडे कारवान कुत्री असायची, आणि 1972 चा वन्यजीव कायदा यायच्या आधीच्या सशांच्या गोष्टी मी त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या. त्यामुळे शिकारी कुत्रा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढं उंच, खोल छातीचा, पोट पाठीला लागलेला कुत्राच यायचा. पण आजोबांचा ससा वेगळा आणि माझ्या पोराचा वेगळा. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो ना, तिथंच माझा घोळ झाला! आपल्या रानातला ससा म्हंजे हेअर, तो बीळ करत नाही, उघड्यावर बसतो, उठला की मैलभर पळवतो, त्याला दमवायला सलुकी, कारवान असला दमदार कुत्रा लागतो. इथला रॅबिट बिळात राहतो, चरतो तो पण बिळाच्या आसपासच, आणि चाहूल लागली की बघता बघता हेजमध्ये, म्हंजे शेताच्या झुडपी कुंपणात, गडप. त्याच्यासाठी दम नाही लागत, पहिल्या चार ढांगांतला जोर लागतो आणि जागच्या जागी वळता आलं पाहिजे.

कायदाही असाच दोन प्राण्यांना दोन नियम लावतो. 2004 चा हंटिंग अ‍ॅक्ट फेब्रुवारी 2005 पासून लागू झाला, त्यात इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीनं कुत्र्यानं रॅबिट धरायला सूट आहे, हेअरच्या मागं कुत्रा सोडणं मात्र गुन्हा, आणि 2022 च्या कायद्यानं त्याच्या शिक्षा आणखी कडक झाल्यात. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिकडं जाणार असाल तर तो आधी वाचा. आता विचार करा, चौदा वर्षाच्या पोराच्या हातात असा कुत्रा जो हेअर दिसला की कानात वारं भरल्यासारखा सुटतो आणि हाकेला मागं वळत नाही. आमचा तसाच होता. तिसऱ्याच महिन्यात तो रॅबिटमागं भरधाव गेला, हेज जवळ आली तरी त्याला आवरलं नाही, आणि काटेरी तारेत छातीपासून मांडीपर्यंत फाटला. या कुत्र्यांची कातडी कागदासारखी असते हो. वाचला, पण पोरगं रात्रभर त्याच्याशेजारी फरशीवर झोपलं होतं.

म्हणून माझं सांगणं, पहिला कुत्रा लहान घ्या. व्हिपेट आणि बेडलिंग्टन टेरियरचा पहिला क्रॉस, खांद्याशी वीस-एकवीस इंच, नाहीतर व्हिपेट-कॉली. बेडलिंग्टन हा नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांचा टेरियर, त्याच्यामुळे अंगावर जरा राठ केस येतात, काट्यात शिरायची हिंमत येते आणि मुख्य म्हंजे नाक येतं. कॉली असला तर शिकवणं सोपं, पण तो पोराच्या चुकाही तितक्याच पटकन शिकतो. बुल टेरियरचं रक्त पहिल्या खेपेला नकोच, तोंड कडक असतं, ससा चिंबून आणतो.

नाकाचं का म्हणतो तर आमची आत्ताची कुत्री बघा, बेडलिंग्टन क्रॉसच आहे. वॉरनवर, म्हंजे सशांच्या वस्तीवर, वीस बिळं असतात, ती सावकाश एकेकावरून जाते, रिकाम्या बिळाकडं ढुंकून बघत नाही, आणि मग एका तोंडाशी थांबते, मान तिरकी, पुढचा एक पाय उचललेला, शेपटीच्या टोकाला फक्त बारीक थरथर. आवाज नाही. पोरगा त्या बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावतो, खुंट्या दाबतो आणि फेरेट आत सोडतो. ती थांबली नाही तिथं तो फेरेट सोडतच नाही.

पिल्लू बघायला जाल तेव्हा पिल्लांत रमू नका, आई बघा. आई कामाची आहे का, ती शेळ्यामेंढ्यांमधून शांत चालते का, पळताना भुंकत नाही ना, हे शेतात नेऊन दाखवा म्हणायचं, आणि दाखवत नसेल तर उठून यायचं. सोळाच्या आतल्या मुलाला इथं प्राणी विकता येत नाही, म्हणजे व्यवहार तुम्हालाच करायचाय, कुत्रा तुमच्या नावावर आणि जबाबदारीही तुमचीच. पोरगं पुढं कॉलेजला गेलं तरी कुत्रा घरात असणार आहे. रेस्क्यूमध्ये लर्चर ढिगानं पडलेत, ते याच हिशोबाच्या चुकीनं.

आणि पहिलं वर्ष घाई नको. हाडं पक्की व्हायच्या आत कुत्रा पळवला तर सांधे जातात. तोवर हाक मारली की येणं, गुरांकडं दुर्लक्ष करणं, आणि सशाचं कातडं गुंडाळलेली गुंडाळी हातात आणून देणं, एवढंच. आमची तेराव्या महिन्यात पहिल्यांदा मोकळी सोडली, तिनं ससा धरला आणि जिवंत, एक दात न लावता पोराच्या हातात आणून दिला. पुढचं काम त्याचं होतं, मान एका झटक्यात मोडायचं. ते मी त्याला कुत्री आणायच्या आधीच शिकवून ठेवलं होतं, तुम्हीही आधी तेच शिकवा.