‘डॅमनेशन’ : प्रेक्षकांना काय पटले, काय खटकले

सभ्य श्रोतेहो,

‘डॅमनेशन’ ही अमेरिकी मालिका नोव्हेंबर २०१७ मध्ये यूएसए नेटवर्क या वाहिनीवर सुरू झाली. तिचे दहा भाग झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती बंद करण्यात आली. अमेरिकेबाहेरच्या प्रेक्षकांना ती नेटफ्लिक्सवर पाहता आली. कथेचा काळ १९३१ चा, म्हणजे महामंदीचा, आणि स्थळ आयोवा राज्यातले एक शेतीप्रधान गाव. सेथ डेव्हनपोर्ट हा धर्मोपदेशक म्हणवणारा माणूस शेतकऱ्यांना संपावर उभे करतो आणि क्रीली टर्नर हा संप फोडण्याचा धंदा करणारा माणूस एका उद्योगपतीच्या पैशावर तो मोडायला येतो. हे दोघे भाऊ आहेत, हे पहिल्याच भागाच्या अखेरीस कळते.

ज्यांना ही मालिका आवडली आणि ज्यांना आवडली नाही, त्या दोघांचाही वाद बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : ‘असे खरोखर घडले होते का?’ माझे म्हणणे असे की, प्रेक्षकांनी संशय घेतला तो बऱ्याचदा नेमका खऱ्या गोष्टींवर, आणि जे लेखकाने पदरचे घातले होते ते मात्र बिनतक्रार स्वीकारले.

दुधाचेच पाहा. मालिकेत शेतकरी शहराकडे जाणारे रस्ते अडवून माल परत पाठवतात. लोक उपाशी असताना अन्न अडवणारी माणसे आम्हाला नायक म्हणून दाखवू नका, असा आक्षेप यावर घेतला जातो. प्रत्यक्षात मे १९३२ मध्ये मायलो रेनो यांच्या नेतृत्वाखाली ‘फार्मर्स हॉलिडे असोसिएशन’ स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सू सिटीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर नाकेबंदी झाली, दुधाचे कॅन रस्त्यावर रिकामे केले गेले. शेतकऱ्याला एका क्वार्टमागे, म्हणजे साधारण लिटरभर दुधामागे, दोन सेंट मिळत आणि तेच दूध शहरात आठ सेंटांना विकले जाई. दूध फुकट वाटले असते तर बाजारातली मागणी तेवढीच घटून भाव आणखी पडला असता. टंचाई निर्माण करण्यावाचून त्या शेतकऱ्याच्या हाती दुसरे हत्यारच नव्हते. हा हिशोब मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागू नये. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, १ जून २०१७ रोजी, पुणतांब्यातून पुकारलेला शेतकरी संप सुरू झाला आणि आपल्याकडेही दूध रस्त्यावर ओतले गेले. ‘ओतण्यापेक्षा गरिबांना द्या’ हा सल्ला तेव्हा आपणही भरपूर ऐकला. तो सल्ला देणाऱ्यांपैकी कितीजण दुधाचा धंदा करत होते, हे सोडून द्या. मालिकेच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. नाकेबंदीचा पहिला फटका हप्ता भरण्यासाठी आजच माल विकणे भाग असलेल्या शेजाऱ्याला बसतो, हे ती लपवत नाही.

दुसरा आक्षेप अतिरंजिततेचा. जमाव, दोर, धमक्या हे सारे प्रेक्षकांना वेस्टर्न चित्रपटांतून उचललेले वाटते. अशा प्रेक्षकांना मी २७ एप्रिल १९३३ या तारखेकडे पाहायला सांगतो. त्या दिवशी आयोवातल्या ल मार्स येथे शेतकऱ्यांचा जमाव न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांच्या न्यायालयात शिरला. यापुढे शेतजमिनींच्या जप्तीच्या हुकमांवर सही करणार नाही, असे वचन त्यांनी द्यावे, एवढीच मागणी होती. न्यायाधीशांनी नकार दिला, तेव्हा त्यांना खुर्चीवरून ओढून गावाबाहेर नेण्यात आले, गळ्यात फास अडकवण्यात आला आणि प्रार्थना करण्यास फर्मावण्यात आले. त्यांनी प्रार्थना केली, वचन मात्र दिले नाही. अखेर जमावाने त्यांना तिथेच सोडले आणि गव्हर्नरांनी त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लष्करी कायदा लागू केला. एवढा प्रसंग पटकथेत लिहिला असता तर तो भडक म्हणून निकालात निघाला असता.

जप्तीच्या लिलावांतही दोर असे, पण बहुधा तो नुसता कोठाराला टांगलेला. लिलावाला जमलेले शेजारी नांगराला, गाईला, घोड्याला काही सेंटांची बोली लावत; बाहेरच्या कोणी चढी बोली लावलीच तर त्याच्या खांद्यावर मागून हात पडे आणि बोली तिथेच थांबे. मग सगळा माल मूळ मालकाला परत दिला जाई. गोळी न झाडता घातलेल्या या दहशतीला पडद्यावर जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही.

याच ठिकाणी माझा मालिकेवर खरा आक्षेप आहे. आयोवातल्या त्या आंदोलनात गोळ्यांनी मेलेली माणसे मालिकेतल्या मानाने फारच थोडी होती. तसला रक्तपात त्या काळी कोळशाच्या खाणींत झाला, १९३१ मध्ये केंटकीतल्या हार्लन काउंटीत झाला; लेखकाने तो मक्याच्या शेतात आणून ठेवला, आणि प्रेक्षकांनी तो शेतकऱ्यांचा इतिहास म्हणून घेतला. उलट, संपात पेरलेले हेर हा प्रकार अनेकांना रचलेला वाटला. त्याबाबत सिनेटर ला फॉलेट यांच्या समितीने १९३६ पासून साक्षी घेतल्या, तेव्हा पिंकर्टनसारख्या खाजगी गुप्तहेर संस्थांची माणसे कामगार संघटनांत केवळ सभासद म्हणून नव्हे, तर पदाधिकारी म्हणूनही बसलेली आढळली.

मालिका अर्धवट तुटली याची हळहळ तिच्या चाहत्यांत अजून ऐकू येते, आणि संपाचे पुढे काय झाले असते, हा त्यांचा प्रश्न असतो. इतिहासात जे झाले त्यात नाट्य फारसे नाही. रेनो यांनी १३ मे १९३३ पासून देशव्यापी संप जाहीर केला होता. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी शेतमालाच्या भावासंबंधीच्या कायद्यावर सही केली आणि तो संप मागे घेतला गेला. त्याच वर्षीच्या शरदात सरकारने कणगीतल्या मक्यावर बुशेलमागे (बुशेल हे धान्याचे अमेरिकी माप) ४५ सेंटांचे कर्ज देऊ केले, मका आणि डुकरे कमी पिकवण्याबद्दलचे पैसे येऊ लागले आणि नाक्यांवरचे शेतकरी हळूहळू आपापल्या शेतावर परतले. दुसऱ्या हंगामात हे दाखवायची वेळ आली असती तर सेथच्या हातातली बंदूक लेखकाने कुठे ठेवली असती, याचे मला मोठे कुतूहल आहे.