खोली पागडीची की लायसन्सची?

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईत वन बीएचके बघायला निघालात की दलालाचा पहिला प्रश्न असतो, "बजेट किती?" तुम्ही त्याला आधी विचारा, "खोली पागडीची की लिव्ह अँड लायसन्सची?" पागडी म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून घेतलेला भाडेहक्क; लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. हे विचारायचं, कारण कायद्याचं छत्र दोन्हीकडे सारखं नाही.

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत पागडीने राहणारा माणूस भाडेकरू असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याची नेहमीची भाडेवाढ वर्षाला चार टक्क्यांवर बांधली आहे. भाडं वेळेवर जात असेल, तर मालकाला मनात आलं म्हणून त्याला काढता येत नाही. लघुवाद न्यायालयात कारण सिद्ध करावं लागतं. पाणी किंवा वीज तोडून छळणं हाही गुन्हाच. मात्र अशी खोली घेताना मोठी रक्कम मोजावी लागते, त्यातला हिस्सा मालक घेतो, आणि सगळा जीव असतो भाडेपावतीत. आमचे आजोबा गेले तेव्हा पावती त्यांच्याच नावावर होती. सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क येतो खरा, पण आत्या तिथेच राहत होती हे पटवताना जुनं रेशनकार्ड, विजेची बिलं शोधून शोधून ती थकून गेली. ते दिवस मी विसरलेले नाही.

आता नव्याने घर शोधणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो तो अकरा महिन्यांचा लायसन्सचा करार. इथे चार टक्क्यांची मर्यादा नाही, आणि मुदत संपल्यावर राहिलात तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रकमेचा भुर्दंड बसू शकतो. म्हणून मुदत जमेल तितकी लांब मागा. बावीस, तेहेतीस महिन्यांचेही करार होतात; वाढ किती, डिपॉझिट कधी परत, लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याचं बंधन, दोघांनाही आहे का, हे सही करण्याआधी लिहून घ्या.

आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर भाड्याने राहणारा ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. "एवढ्याशा मुदतीला कशाला नोंदणी?" असं कुणी म्हणालं, तर हे कलम त्याला शांतपणे सांगा आणि नोंदणी झाल्यावरच सामानाचा टेम्पो बोलवा.