गळ्यातलं बटण

नमस्कार. मी 32 वर्षं नर्सिंग केलं, सगळं पुण्यातच. त्यातली एक रात्र आधी सांगते. कॅज्युअल्टीत एका पेशंटचा भाऊ माझ्या अंगावर धावून आला आणि त्याने माझं मनगट धरलं. मदतीची बेल होती, पण दाराशेजारी भिंतीवर, आणि दाराच्या वाटेत तोच उभा. मोबाइल काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन आत आले म्हणून मी सुटले. पण बेल हाताशी असती, तरी मी ती वेळेत वाजवली असती का? नसती. बिचारा दुःखात आहे, चार शब्द बोलेल आणि गप्प होईल, उगाच तमाशा कशाला, हेच डोक्यात चाललं होतं. मनगट धरेपर्यंत.

म्हणून आज मदत बोलावण्यासाठी अंगावर घालायच्या बटणाबद्दल बोलायचं आहे, आणि या संकोचाबद्दलही.

यंत्र साधं आहे. आयडी कार्डामागे किंवा गळ्यातल्या दोरीला अडकवायचं. दाबलं की जवळपास काहीच वाजत नाही, कारण समोरचा आणखी भडकू नये. फक्त हलकी थरथर जाणवते: निरोप गेला. तो सिक्युरिटीच्या आणि शेजारच्या वॉर्डाच्या स्क्रीनवर जातो, खोलीच्या नावासकट. खोली कळावी म्हणून ठिकठिकाणी छोटे बीकन, म्हणजे जागा ओळखणारी सिग्नलची यंत्रं, लावावे लागतात, कारण मोबाइलचं जीपीएस जाड भिंतींच्या आत धड चालत नाही आणि मजला तर त्याला भरवशाने सांगताच येत नाही. एका ठिकाणी आम्ही रात्री तीन वाजता चाचणी घेतली. बटण तिसऱ्या मजल्यावर दाबलं आणि सिक्युरिटीचे दादा जीव तोडून धावले ते दुसऱ्या मजल्यावर! सिग्नल खालच्या बीकनने पकडला होता. दिवसा, वेंडरसमोर, सगळं बरोबर चाललं होतं. चाचणी रात्रपाळीतच घ्या, ज्यांना धावायचं आहे त्यांच्यासोबत.

दोरीकडे नीट बघा. मानेमागे ओढताच सुटणारी क्लिप हवी, नाहीतर तीच दोरी धरून कोणी गळा आवळेल. काही यंत्रांत दोरी हिसकली गेली की आपोआप निरोप जातो. माझ्या मते तीच घ्यावीत. ज्या बाईचे दोन्ही हात धरले आहेत, ती बटण कसं दाबणार?

आता संकोच. चुकून बटण दाबलं जाणारच. पेशंट उचलताना, वाकताना. अशा वेळी इन्चार्ज सिस्टर 'काय गं, लक्ष कुठे होतं?' असं सगळ्यांसमोर बोलल्या, की त्या मुलीसाठी यंत्र बंद पडलं. पुढच्या वेळी खरंच गरज असेल तेव्हा ती दहा सेकंद विचार करेल. मी माझ्या स्टाफला सांगायचे, चुकून दाबलंस तर बरंच झालं, आमची धावायची सवय राहिली.

मावश्यांची शंका वेगळी होती. 'बाई, आम्ही चहाला किती वेळ जातो ते बघायला आहे का हे?' प्रश्न रास्त आहे. ठिकाण फक्त बटण दाबल्यावर दिसावं, एरवी नोंद ठेवू नये, आणि हे व्यवस्थापनाने लेखी द्यावं. नाहीतर यंत्रं लॉकरमध्येच राहतील. आणि मावश्या, सफाईवाले, लॅबचे मुलगे यांना वगळू नका. एकट्याने कोपऱ्यात काम तेच करतात. शिकागोने 2017 मध्ये कायदा केला तो हॉटेलात एकट्याने खोल्या साफ करणाऱ्या बायकांना असं बटण मिळावं म्हणून.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राचा 2010 चा कायदा वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याला 3 वर्षांपर्यंत कैद सांगतो. तातडीच्या मदतीचा 112 नंबर आहे. दोन्ही हवेतच. पण हात धरल्यानंतरचं पहिलं मिनिट शेजारच्या वॉर्डातल्या माणसांचं असतं.

मी दोन यंत्रं आणली आहेत, मागे पाठवते. डोळे मिटून, हातात ग्लोव्हज आहेत असं समजून, अंगठ्याला बटण सापडतंय का बघा. डावखुऱ्यांनी जरूर बघा.