पाणी फिरतं, उष्णता बाहेर जाते

नमस्कार, श्रोतेहो.

एप्रिल-मे उजाडला की सांगलीत पारा ४० अंशांना टेकतो, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर तासन्‌तास व्हिडिओचं रेंडरिंग, म्हणजे पक्की फाइल तयार करण्याचं काम, चालतं. पंखा जोरात घरघरतो, काम मात्र रखडतं. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःच्या बचावासाठी तो आपला वेग कमी करतो, त्याचा हा परिणाम. मग दुकानदार म्हणतो, "वॉटर कूलिंग बसवून टाका." गिऱ्हाईक दचकतं. विजेच्या यंत्रात पाणी?

ते पाणी विजेच्या वाटेला जातच नाही. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चकती घट्ट बसवतात. दोहोंमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर देतात, कारण फटीत राहिलेली हवा उष्णता अडवते. चकतीच्या आतल्या बारीक खाचांमधून पंप पाणी खेळवतो. तापलेलं पाणी नळीने रेडिएटरकडे जातं, पंखे त्याच्या पातळ पात्यांमधून वारा काढतात आणि निवलेलं पाणी माघारी येतं. कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढत निघालेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा हा धाकटा भाऊच म्हणा.

पण पाणीच का? एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे ३,५०० लिटर हवा एका अंशाने तापेल! शिवाय ही उष्णता लांबवर नेता येते. ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरला प्रोसेसरच्या डोक्यावर जागा कुठली? तो कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीच्या, छताला निवांत बसतो.

मात्र ही फ्रीजची थंडी नव्हे. खोलीत ४० अंश असतील, तर पाणी त्याच्या खाली उतरणार नाही. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलं, तर तीच गरम हवा आत घुमत राहते आणि खर्च वाया जातो. धुळीचंही तसंच. मार्केट यार्डाच्या बाजूला दुकान असेल, तर रेडिएटरच्या पात्यांमध्ये पिवळसर थर साचलेला दिसेल. हळदच ती! पाणी फिरत असतं, वारा मात्र आरपार जात नाही. मशीन बंद करून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा.

पाणी बदलायचं का, असंही विचारतात. बाजारातले बहुतेक संच कारखान्यातूनच सीलबंद येतात, ते उघडू नका. चकती तांब्याची आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून आतल्या द्रवात गंज रोखणारं रसायन असतं. तिथे बोअरचं क्षारयुक्त पाणी घालणं म्हणजे बारीक खाचा आपल्या हातांनी बुजवणं.

बसवताना पंपापेक्षा रेडिएटरचं वरचं टोक उंच ठेवा, म्हणजे हवेचे बुडबुडे तिकडे जमतील. पंपातून सतत गुळगुळ आवाज आला, तर समजा हवा तिथे अडकली आहे.

आणि दिवसभर नुसती टॅलीत बिलं काढत असाल, तर यातलं काहीच घेऊ नका. साधा, चांगला पंखा पुरतो.