आडवं कोण येतंय?

[दृश्य: कराडजवळ महामार्गालगतचं फॅब्रिकेशनचं शेड. सकाळ. ग्राइंडरच्या ठिणग्या.]

शेडसमोर पांढरी पिकअप उभी आहे. पासिंग एमएच ५०, म्हणजे इथलीच, कराडची. हौद्यात टोमॅटोचे रिकामे क्रेट. रात्री वाशीला माल उतरवून मालक घरी न जाता थेट इथं आलाय. गाडी घेऊन चार महिने झाले. मागच्या फळीवर पोरीचं नाव रंगवून झालं, काचेवर झालर लागली, हॉर्न बदलला. आता राहिलाय तो गार्ड, गाडीच्या तोंडाला बंपरवर बसवतात तो लोखंडी पाइपांचा.

"गार्ड नसला की गाडी बोडकी दिसती," तो म्हणतो.

मिस्त्री वेल्डिंगचा होल्डर बाजूला ठेवतात. आम्हाला वाटलं, पाइप कुठला विचारतील, नाहीतर बजेट. त्यांनी विचारलं, "तुमच्या रस्त्याला आडवं कोण येतंय?"

हा प्रश्न ऐकल्यावर आम्ही कॅमेरा बंद करायचा विचार सोडून दिला. खरं तर पाच मिनिटांचं शूटिंग करून निघणार होतो.

[दृश्य: उंब्रज ते पाटण रस्ता. संध्याकाळ. डोंगराच्या कडेनं दिवे.]

कारण सातारा जिल्ह्यात या एका प्रश्नाची दहा उत्तरं आहेत. पाटणच्या पुढं, कोयनेकडं गाडी वळली की अंधार पडल्यावर रानडुक्कर आडवं येतं. कधी गवा. माणमध्ये मेंढरं, वाघरासकट, म्हणजे त्यांना कोंडायच्या जाळीसकट. फलटणकडं ऊस. शहरात दुचाकी, आणि शाळा सुटायच्या वेळेला सायकलवरची पोरं. या सगळ्यांना एकच लोखंड कसं पुरणार?

पिकअपवाल्यानं डुकराचं नाव घेतलं. मागच्या पावसाळ्यात त्याच्या चुलतभावाच्या गाडीखाली एक आलं होतं. बंपर फुटला, रेडिएटर फुटला, आणि भाजी रस्त्यातच नासली. डुकरानं केलेलं नुकसान त्याला अजून पाठ आहे, रुपयासकट.

अशा धडकेला गार्ड उपयोगी पडतो, हे खरंच आहे. डुक्कर ठेंगणं असतं. त्याचा मार बंपरच्या खालच्या बाजूला आणि रेडिएटरवर बसतो, आणि तिथं एक पाइप असला तर रेडिएटर वाचू शकतो. गव्याचं गणित मात्र उलटं. मोठा नर ८००-९०० किलोंपर्यंत भरतो, खांद्याला माणसाएवढा उंच. गार्ड त्याच्या पायांना लागतो आणि वरचं सगळं धूड बॉनेटवरून काचेकडं येतं. त्याला उपाय पाइपाचा नाही, पायाखालच्या पेडलचा आहे. ताशी ६० वरून ८० वर काटा गेला की धडकेचा जोर पावणेदोनपट होतो. रात्री घाटात हे वीस किलोमीटर कुणाला कशाला हवे असतात, हे आम्हाला कळलेलं नाही. बाजार गाठायचा असतो म्हणतात.

[दृश्य: शेडच्या भिंतीला टेकवलेले गार्ड. एक चकचकीत, दोन काळे, एकाला गंज.]

आता लोखंड बघू.

चकचकीत दिसतो तो स्टेनलेस. गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढून लावतं, चिकटला नाही की खूश होतं. मिस्त्री हसतात. स्टेनलेसच्या २०२ आणि ३०४, दोन्ही प्रतींना चुंबक चिकटत नाही. चुंबकानं फार तर साधं लोखंड ओळखता येतं, प्रत नाही. शिवाय शोसाठीच्या पाइपाची जाडी बऱ्याचदा मिलिमीटरभरच असते. त्याला बोटानं टिचकी मारा, पत्र्याचा डबा वाजल्यासारखं वाजतं.

काळा रंगवलेला असतो तो साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. दोन इंची पाइप, जाडी तीन मिलिमीटर घेतली तर एका मीटरला साडेतीन किलो भरतं. दोन मिलिमीटर घेतली तर अडीच किलोच्या आत. एका गार्डला सात-आठ मीटर पाइप जातो, वर प्लेटी, अँगल, नटबोल्ट. सहज चाळीस किलो, जाड काम असेल तर पन्नास.

आता हे पन्नास किलो हौद्यात टाकलेल्या पोत्यासारखे नाहीत. ते पुढच्या चाकांच्याही पुढं टांगलेले आहेत. तराफ्याच्या टोकाला माणूस बसवला की काय होतं, ते नदीकाठच्या कराडकरांना वेगळं सांगायला नको. पन्नास किलोचा गार्ड पुढच्या ॲक्सलवर साठेक किलोचा भार टाकतो आणि मागची बाजू दहा-बारा किलोंनी हलकी करतो. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर आधीच मागून हलकी असते. खंबाटकीत पावसाची भुरभुर असताना ब्रेक मारून बघा. नको, मारू नका.

मिस्त्री गंजलेल्या गार्डाकडं बोट दाखवतात. बाहेरून रंग ठीक आहे, खालच्या वळणाला मात्र भोक पडलंय. "हा कोयनेकडचा." कोयनेच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माण-खटावमध्ये पाचशेच्या आसपास. पाइपाची तोंडं उघडी राहिली की आत पाणी साचतं, आणि लोखंड आतून खात जातं. तोंडं बंद करून खाली एक बारीक भोक ठेवलं की पाणी निथळतं. एवढ्याशा भोकावर गार्डाचं आयुष्य असतं, पण गिऱ्हाईक बघतं ते वरचं पॉलिश.

[दृश्य: पिकअपच्या पुढच्या भागाखालून. चेसिसची, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याची टोकं, बंपरचे बोल्ट.]

मिस्त्री गाडीखाली शिरतात. आम्हीही. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि वरून न दिसणारं.

गार्ड कशाला धरलाय? पुढच्या पत्र्याला धरला असेल तर त्याचा उपयोग शून्य. धडकेत पत्रा आणि गार्ड दोघं मिळून आत येतात, आणि छोटा हत्तीसारख्या बॉनेट नसलेल्या गाडीत त्या पत्र्याच्या मागंच ड्रायव्हरचे गुडघे असतात. धरायचा तर चेसिसला, कंपनीनं दिलेल्या भोकांत बोल्ट घालून. चेसिसवर थेट वेल्डिंग मारू नये, तापवलेलं लोखंड त्या जागी मऊ पडतं. आणि कुठंही वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची तार काढायची. आताच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या गाडीत जागोजाग कंट्रोलर आणि सेन्सर आहेत. तार न काढता होल्डर टेकवला तर त्यातलं काय जळेल, सांगता येत नाही.

पण घट्ट धरलेल्या गार्डाचीही दुसरी बाजू आहे. कारखान्यातला बंपर आणि त्यामागचा भाग चेपण्यासाठीच केलेला असतो. तो चेपतो, आणि चेपता चेपता धडकेचा जोर खातो. चेसिसला आवळलेला जाड गार्ड चेपत नाही. मग जोर सरळ चेसिसवरून आत येतो, सीटपर्यंत. एअरबॅग असलेल्या गाडीत सेन्सरला धडक वेगळीच वाटू शकते. आणि समोर माणूस असेल तर? बंपर वाकला असता, तिथं आता तीन मिलिमीटरचा पाइप आहे, लहान मुलाच्या छातीच्या उंचीवर. युरोपनं २००५ मध्येच अशा गार्डासाठी पादचाऱ्यांच्या दृष्टीनं नियम केले.

आपल्याकडं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड बसवणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा. २०१९ च्या दुरुस्तीनं दर बेकायदा फेरबदलामागं ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. शोरूममधून बसवून घेतला म्हणून कलम बदलत नाही. नंबरप्लेट झाकली, हेडलाइटवर आडवा पाइप आला, तर पोलिसाला वेगळं कारण शोधायलाही लागत नाही.

पिकअपवाला गप्प झाला होता. मग म्हणाला, "पण उसाच्या ट्रॉलीचं काय?"

[दृश्य: रात्र. तासगाव–पलूस रस्ता. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. रिफ्लेक्टर नाही.]

त्यासाठी आम्ही सांगलीकडं गेलो. नोव्हेंबर ते मार्च, हंगाम ऐन भरात असताना रात्री दहानंतर या रस्त्यावर उभे राहा. डबल ट्रॉली, वर तोलाबाहेर ऊस, मागचा दिवा बंद किंवा पाचटाखाली. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांत गेला की ट्रॉली दिसते ती दहा पावलांवर. आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीची उंची बघा. पिकअपच्या गार्डाच्या वर, काचेच्या रेषेत. गार्ड ट्रॉलीखाली शिरतो, कुणालाही न धडकता. ज्या धडकेच्या भीतीनं इकडची बहुतेक माणसं गार्ड मागतात, त्याच धडकेत तो खाली रिकामा राहतो.

आम्ही एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवून मागं लावायला लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी दिली. त्यानं घेतली, सीटखाली ठेवली. "सकाळी लावतो," म्हणाला.

[दृश्य: पुन्हा शेड. दुपार.]

मग गाडीच्या तोंडाला बांधायचं काय? मिस्त्रींनी आमच्यासमोर काम केलं ते असं. बंपरला हात लावला नाही. ग्रिलच्या मागं, रेडिएटरच्या आणि त्यापुढच्या इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या) पुढं, पातळ तारेची जाळी बसवली, चार क्लिपांवर. जाळीचं भोक ठेवलं साधारण बोटभर. बारीक घेतली असती तर खडे थांबले असते, पण उसाचं पाचट अडकून हवाही थांबली असती, आणि घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर गेला असता. जाळी निघते, धुता येते. बाकीचे पैसे पिकअपवाल्यानं हेडलाइटची उंची लावून घेण्यात आणि मागच्या ब्रेकचे लायनर बदलण्यात घातले. फोटोत यातलं काही दिसत नाही, त्याचं त्याला थोडं वाईट वाटलं.

भिंतीला टेकलेला तो जाड काळा गार्ड आम्ही तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा जाग्यावर नव्हता. कुणी गाडीला बसवला का, विचारलं. मिस्त्री म्हणाले, पिकअपवालाच किलोवर घेऊन गेला. आता त्याच्या गोठ्याच्या दाराला आहे. म्हैस त्यावर मान घासते.