तारेखालचं घर आणि ०.४ मायक्रोटेस्ला

घरावरून हाय टेन्शन लाइन गेली आहे, मुलांना काही होईल का? या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिली चिठ्ठी हमखास हीच येते. आजही आली आहे. तिला बगल देणार नाही, पण आधी एक घोटाळा निस्तरू.

आपण घाबरतो ते व्होल्टेजला. चार लाख व्होल्ट म्हटलं की छातीत धस्स होतं. व्होल्टेजमुळे तयार होतं ते विद्युत क्षेत्र, आणि ते भिंतींनी, झाडांनी बरंचसं अडतं. चुंबकीय क्षेत्र ठरतं तारेतल्या करंटवर, आणि ते भिंतीला जुमानत नाही. त्याला नमवतं फक्त अंतर. म्हणूनच कानाशी धरलेला हेअर ड्रायर कधीकधी डोक्यावरच्या ४०० किलोव्होल्ट लाइनपेक्षा मोठा आकडा दाखवतो, आणि हातभर लांब नेला की तोच आकडा कोसळतो. अर्थात ड्रायर पाच मिनिटं चालतो, लाइन चोवीस तास.

आपल्या विजेच्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या क्षेत्राकडे रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरणांसारखा डीएनएवर थेट घाव घालणं त्याला जमत नाही. ते शरीरात बारीकसे विद्युतप्रवाह मात्र निर्माण करतं. क्षेत्र खूप मोठं असेल तर हे जाणवतंही. १८९६ साली दार्सोंव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने नोंदवलं की वीज वाहणाऱ्या तारेच्या मोठ्या वेटोळ्यात डोकं घातलं की डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो. हा प्रकाश बाहेरून येत नाही, त्या प्रवाहांनी दृष्टिपटल चाळवलं जातं. त्याला हजारो मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) लागतात. सर्वसामान्य लोकांसाठी २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात जी २०० मायक्रोटेस्लाची मर्यादा आहे, ती अशा तात्कालिक परिणामांपासून भरपूर अंतर राखून आखलेली आहे. कर्करोगाचा हिशोब तिच्यात नाही.

तो सुरू झाला १९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये. नॅन्सी वर्थहायमर आणि एड लीपर यांनी घरांत चुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर लावलाच नाही. बाहेरच्या तारा किती जाड आहेत आणि घरापासून किती लांब आहेत, एवढ्यावरून करंटचा अंदाज बांधला. कर्करोगाने दगावलेल्या मुलांची घरं जास्त करंटच्या तारांजवळ अधिक सापडली. पद्धत ढोबळ होती, पण पुढची वीस वर्षं देशोदेशीचे संशोधक मीटर घेऊन त्याच प्रश्नामागे लागले.

२००० साली नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली गेली. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेली ३,२४७ मुलं. त्यांपैकी सरासरी ०.४ मायक्रोटेस्ला किंवा त्याहून जास्त क्षेत्रात राहणारी किती, तर ४४. क्षेत्राचा काही परिणाम नसता, तर अपेक्षा होती सुमारे २४ची. धोका दुप्पट, ही बातमी या जास्तीच्या वीस मुलांवर उभी आहे. वीस मुलं म्हणजे थोडी नव्हेत, पण निष्कर्षासाठी पाया अरुंदच. आणि ०.४ म्हणजे त्या २०० च्या मर्यादेचा पाचशेवा भाग! २००२ साली कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे क्षेत्र ‘२ब’ गटात घातलं, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’. उंदरांना मात्र १,००० मायक्रोटेस्लात ठेवूनही ल्युकेमिया वाढलेला दिसला नाही.

मग ती वीस मुलं आली कुठून? तुलनेसाठी निरोगी मुलांच्या घरी जाऊन मोजमाप करायचं, तर सगळी कुटुंबं दार उघडत नाहीत. उघडतात ती बहुधा सुस्थितीतली, तारांपासून लांब राहणारी. तुलना तिथेच कलते. ब्रिटनमध्ये म्हणून कोणाच्या दारी न जाता केवळ नोंदींवरून अभ्यास झाला. २००५ साली निकाल आला तो चमत्कारिक: धोका ६०० मीटरपर्यंत किंचित वाढलेला. पण तिथवर लाइनचं क्षेत्र उरतच नाही! २०१४ साली तीच आकडेवारी वाढवून दशकवार मांडली, तेव्हा वाढ जुन्या दशकांत दिसली आणि १९८० नंतरच्या दशकांत राहिली नाही. तारांमधलं भौतिकशास्त्र काही बदललं नव्हतं. तारांजवळ कोण राहतं हे बदललं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे, आणि मलाही तोच पटतो. तरी २ब हा शिक्का अजून पुसलेला नाही, तेव्हा ‘काहीच नाही’ असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही.

चिठ्ठीवाल्यांना माझं सांगणं एवढंच, घर बदलण्याआधी मोजून घ्या. लाइनवरचा भार दिवसभर बदलतो, म्हणून चोवीस तास मीटर ठेवा, तोही मुलं झोपतात त्या खोलीत. कित्येकदा आकडा मोठा निघतो आणि लाइनचा त्याच्याशी संबंध नसतो. जिन्याच्या टू-वे स्विचचं वायरिंग करताना फेज एका वाटेने आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेने नेलेला असतो. दोन्ही तारा शेजारी असल्या की त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. वाटा वेगळ्या झाल्या की मधल्या खोलीभर क्षेत्र पसरतं. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनचं आहे, टॉवर हलवायची गरज पडत नाही.